जागलीची बंदूक : वऱ्हाडातल्या एका जुन्या वादातली समजुतीची वाट

दसरा सरला की वऱ्हाडातली रात्र वावरात जागते. सोयाबीन घरी आलेले असते, तूर फुलावर येऊ लागते, हरभऱ्याची पेरणी सुरू होते आणि कास्तकाराचे अंथरूण घरातून उठून धुऱ्यावरच्या मचाणावर जाते. पातूर-बार्शीटाकळीच्या टेकड्यांखाली, अकोट-तेल्हाऱ्यात सातपुड्याच्या पायथ्याशी, काटेपूर्णा अभयारण्याच्या कडेला, नांदगाव खंडेश्वर-चांदूर रेल्वेच्या माळांवर, सगळीकडे हेच चित्र दिसते. टॉर्च, पत्र्याचा डबा, फटाके, गोफण. अलीकडे त्यात झटका मशीन आणि जुन्या साड्यांचे कुंपण यांची भर पडली आहे. रानडुकरांचा कळप एका रात्रीत पेरलेल्या ओळीच्या ओळी उकरून दाणा वेचतो. रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप तुरीचे शेंडे आणि फुलोरा खाऊन पुढच्या वावरात जातो. जनावरे फटाक्यांना काही दिवसांत सरावतात. माणूस जागरणाला सरावत नाही.

या जागलीतून एक मागणी वर्षानुवर्षे पुढे येते. पीक राखायला बंदुकीचा परवाना द्या, नाहीतर ही जनावरे तुम्ही आवरा. तिच्यासमोर तितक्याच कळकळीचे उत्तर उभे असते. बंदूक गावात आली की ती डुकरापुरती राहणार नाही. वन्यजीव जातील, भावकीच्या भांडणात माणसे जातील, निवडणुकीत दहशत माजेल. दोन्ही बाजूंचे लोक याच मातीतले आहेत आणि दोघांच्या भीतीला आधार आहे. म्हणून हा वाद एकाला बरोबर आणि दुसऱ्याला चूक ठरवून मिटणार नाही. दोघांना कुठे एकत्र उभे राहता येईल, हे शोधणे जास्त उपयोगाचे आहे. माझ्या मते अशी जागा आहे, आणि तिचा बराचसा भाग आपल्या कायद्यातच आहे.

कायद्यातली भरमार

भारतात शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही. तो करावा की नाही, यावर आपल्याकडे गंभीर विचार झाला होता. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतल्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याच्या बेडीत अडकवले आणि युरोपियनांना मोकळे ठेवले. हा अपमान राष्ट्रीय चळवळीला सतत बोचत राहिला. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. पुढे घटना समितीत मध्य प्रांत-वऱ्हाडातून गेलेले ह. वि. कामत यांनी हाच हक्क राज्यघटनेत यावा म्हणून डिसेंबर १९४८ मध्ये दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही आणि समितीने ती नामंजूर केली. अमेरिकेने जे कलम घटनेत कोरले, ते आपण विचारपूर्वक बाहेर ठेवले. म्हणून तिथल्या वादाची भाषा आपल्याकडे उसनी आणून भागत नाही. आपल्याकडे प्रश्न हक्काचा कमी आणि कारणाचा जास्त आहे: बंदूक कशासाठी हवी, आणि ते कारण खरे आहे का?

१९५९ चा शस्त्र कायदा या प्रश्नाचे उत्तर देताना शेतकऱ्याला विसरला नाही. कलम १३ मध्ये पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. आपल्याकडे हिला भरमार म्हणतात. नळीच्या तोंडातून दारू भरायची, वर बोळा, मग छर्रे, आणि गजाने ठासायचे. एक बार उडाला की दुसरा भरायला वेळ लागतो. जनावर पळवायला किंवा एखादे मारायला ती पुरते. माणसांवर सपाट्याने चालवायला कुचकामी ठरते. अर्जदार कायद्याने अपात्र नसेल आणि कारण खरे असेल, तर असा परवाना द्यावा, असा कायद्याचा रोख आहे. भरमार पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला पटले, तर बारा बोअरसारखी गुळगुळीत नळीची बंदूक देण्याचीही मुभा आहे. परवाना नाकारायचा, तर कारणे लेखी नोंदवावी लागतात, आणि नकारावर अपील करता येते. अमरावती शहरात हा अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहे, ग्रामीण भागात आणि अकोल्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे.

कामापुरते हत्यार, ठरलेले कारण आणि जबाबदार अधिकारी ही या कायद्याची चौकट आहे. कास्तकाराची तक्रार चौकटीबद्दल नाही, अनुभवाबद्दल आहे. कागद फिरत राहतात, पोलिसांचा अहवाल रखडतो, निर्णय येईपर्यंत हंगाम सरतो. कायद्याने दिलेली वाट व्यवहारात अडली की माणूस दुसरी वाट शोधतो, आणि वऱ्हाडातली दुसरी वाट फार भयानक आहे.

बिनपरवान्याची रात्र

वावराच्या कडेने तार ओढून तिच्यात थेट विजेचा प्रवाह सोडायचा, हा त्या वाटेवरचा सर्वांत घातक प्रकार आहे. झटका मशीन क्षणभर धक्का देते आणि जनावराला मागे परतवते. थेट प्रवाहाची तार जीवच घेते. ती डुकराला मारते, बिबट्याला मारते आणि माणसालाही. रब्बीत कृषिपंपाची वीज अनेक ठिकाणी रात्री मिळते. त्यामुळे अंधारात पाणी द्यायला निघालेला शेजारी, गुरे शोधणारा गुराखी किंवा लावणाऱ्याचाच भाऊ त्या तारेला चिकटतो. अशा मृत्यूंच्या बातम्या विदर्भात दरवर्षी येतात. एका घरातला माणूस जातो आणि दुसऱ्या घरातला तुरुंगात जातो. दोन्ही घरे कास्तकारांचीच असतात.

दुसरा प्रकार गावठी बॉम्बचा. कणकेच्या गोळ्यात स्फोटक लपवून डुकराच्या वाटेवर ठेवायचे. त्याने गाई-म्हशींचे जबडे फुटतात, आणि उचलणारे मूल असेल तर त्याचा हात जातो. तिसरा प्रकार देशी कट्ट्याचा. सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेशातली पाचोरी आणि उमर्टी ही गावे बेकायदा पिस्तुलांसाठी महाराष्ट्र पोलिसांच्या कारवायांत वारंवार पुढे येतात. वऱ्हाडाला ही सीमा दूर नाही. कट्टा पीक राखायला कोणी विकत घेत नाही. तो खंडणीसाठी, वर्चस्वासाठी, सूडासाठी घेतला जातो.

बंदूक हवी म्हणणारे आणि नको म्हणणारे इथे एकाच बाजूला येतात. थेट विजेची तार, गावठी बॉम्ब आणि कट्टा यांचे समर्थन दोघांपैकी कोणीही करत नाही. समजुतीची सुरुवात करायला हा मुद्दा पुरेसा आहे. कायदेशीर वाट इतकी वापरण्याजोगी करायची की बेकायदा वाटेला निमित्त उरू नये, आणि ती इतकी बंदिस्त ठेवायची की तिच्यातून नवा धोका निघू नये.

नकारामागची कारणे

बंदुकीला विरोध करणाऱ्यांना शेतीचे दुःख कळत नाही, असे म्हणणे अन्यायाचे आहे. त्यांची कारणे नीट ऐकायला हवीत.

पहिले कारण जंगलाचे. १९७३ मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट होता. अकोला जिल्ह्यातले नरनाळा अभयारण्य त्याच पट्ट्याला लागून आहे. रानडुक्कर आणि रोही ही वाघ-बिबट्यांचीही शिकार असते. ती संपली की मोठे जनावर गोठ्याकडे वळते. २०१३ च्या सुमारास मेळघाटात वाघांच्या शिकारीची प्रकरणे उघडकीस आली, त्यांत परप्रांतीय टोळ्यांनी प्रामुख्याने लोखंडी सापळे वापरले होते. शिकाऱ्याला बंदूक लागतेच असे नाही. पण हाताशी आली तर तो ती सोडणारही नाही. म्हणून वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ ने अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला वनखात्याकडे नोंदणी सक्तीची केली, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना देण्याआधी मुख्य वन्यजीव रक्षकांची संमती बंधनकारक केली. अकोट, तेल्हारा, अचलपूर, चिखलदरा, धारणी या तालुक्यांतली कितीतरी गावे या अंतरात येतात. म्हणजे जिथे जनावरांचा त्रास सर्वाधिक, तिथेच परवाना सर्वांत अवघड. हे अन्यायाचे वाटते, पण त्यामागचे कारण पोकळ नाही.

दुसरे कारण सत्तेचे. परवान्याची बंदूक प्रतिष्ठेची वस्तू झाली की काय होते, हे राज्याने बीडमध्ये पाहिले. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि त्या जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांवर प्रकाश पडला. सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी त्या वेळी मांडलेल्या आकड्यांत बीडमध्ये १,२२२ परवाने होते, अमरावती ग्रामीणमध्ये २४३ आणि परभणीत ३२. पुढे बीडमधले शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. हे आकडे शेजारी ठेवून वाचावेत असे आहेत. डुकरे बीडमध्ये पाचपट नाहीत. तिथे परवाना पिकासाठी राहिला नव्हता. कमरेला लावून मिरवण्यासाठी, हवेत बार काढण्यासाठी झाला होता.

तिसरे कारण घराचे, आणि ते सर्वांत कमी बोलले जाते. वऱ्हाड हा शेतकरी आत्महत्यांचा प्रदेश आहे. मरणाचे साधन हाताशी असले की खचलेल्या क्षणाचे रूपांतर मृत्यूत होते. ते दूर असले तर अनेकदा तो क्षण टळतो आणि माणूस वाचतो. श्रीलंकेने १९९० च्या दशकात अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घातली, त्यानंतर तिथले आत्महत्यांचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटले. साधन दूर ठेवणे म्हणजे काय, हे त्यातून जगाला कळले. मेळघाटातल्या हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी २५ मार्च २०२१ रोजी आपले आयुष्य संपवले, ते सरकारने संरक्षणासाठी दिलेल्या शस्त्राने. प्रशिक्षित, कर्तबगार अधिकाऱ्याच्या बाबतीत हे घडते, तर कर्जाने आणि नापिकीने पिचलेल्या घरात बारा महिने बंदूक टांगून ठेवावी, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? त्या घरातल्या बाईच्या बाजूनेही पाहायला हवे. नवरा पिऊन घरी येतो त्या रात्री ती बंदूक कोणाला राखणार, हे तिला विचारल्याशिवाय परवाना देणे अपुरे आहे.

दोन कायदे, एक वावर

या वादात एक गोष्ट वारंवार गोंधळते. बंदुकीचा परवाना आणि जनावर मारण्याची परवानगी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिली शस्त्र कायद्याखाली मिळते, दुसरी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली. बंदूक असली म्हणून डुक्कर मारता येत नाही, आणि परवानगी मिळाली तरी बंदूक नसेल तर ती कागदावर राहते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये पिकांचे नुकसान करणाऱ्या रानडुक्कर आणि रोह्यांसाठी परवानगीची पद्धत सोपी केली. तरीही बहुसंख्य कास्तकारांकडे ती वापरायचे साधन नव्हते. दोन खात्यांच्या दोन दारांमध्ये वावर उघडे राहिले.

वन्यजीव कायद्यातही दोन वाटा आहेत. कलम ६२ खाली केंद्र सरकार एखाद्या भागात ठराविक काळापुरते एखादे जनावर उपद्रवी जाहीर करू शकते. मग त्याला संरक्षण उरत नाही. बिहारने रोही आणि रानडुकरांसाठी ही वाट घेतली. २०१६ मध्ये मोकामा भागात बाहेरून आणलेल्या नेमबाजांनी दोनशेहून अधिक रोही मारले, तेव्हा मनेका गांधी आणि तत्कालीन पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर हे एकाच मंत्रिमंडळातले दोन मंत्री जाहीरपणे एकमेकांविरुद्ध उभे राहिले. दुसरी वाट कलम ११ ची आहे. उभ्या पिकाला धोका ठरणाऱ्या विशिष्ट जनावराबाबत, विशिष्ट ठिकाणी, अधिकाऱ्याने लेखी कारण देऊन परवानगी द्यायची. ही वाट मोजूनमापून जाणारी आहे. तिच्यात कास्तकाराला दिलासा मिळतो आणि सरसकट कत्तलीला जागा राहत नाही.

बाहेरचा नेमबाज आणणे हा उपाय वऱ्हाडाने जवळून पाहिला आहे. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळ १३ माणसांच्या मृत्यूंशी जोडली गेलेली अवनी वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री खासगी नेमबाजाच्या गोळीने मेली. गावांनी सुटकेचा श्वास टाकला, देशभरातल्या प्राणिप्रेमींनी संताप व्यक्त केला. नियम पाळले गेले का, यावर चौकशा आणि खटले झाले. पारदर्शकता नसेल तर योग्य कारणासाठी उडवलेली गोळीही विश्वासाला जखमी करते, हा त्या रात्रीचा धडा आहे.

समजूत झाली, तिथे कशी झाली

मधली वाट निघू शकते, याचे पुरावे आपल्याच देशात आहेत. केरळने मे २०२२ मध्ये ग्रामपंचायतीच्या अध्यक्षांना आणि नगराध्यक्षांना मानद वन्यजीव रक्षकाचे अधिकार दिले. नुकसान करणारे रानडुक्कर मारण्याचा आदेश ते देऊ शकतात. गोळी चालवणारा मात्र परवानाधारक आणि यादीतला असावा लागतो. विष, स्फोटके, विजेचा प्रवाह यांना बंदी आहे. मारलेल्या जनावराची नोंद ठेवून त्याची विल्हेवाट लावावी लागते. बंदुकी वाढवण्याऐवजी आहेत त्या परवानाधारकांना गावाच्या कामाला लावण्यावर त्यांनी भर दिला. रानडुकराला उपद्रवी जाहीर करण्याची केरळची मागणी केंद्राने मान्य केली नाही, तरी ही पद्धत कलम ११ च्या आधाराने उभी राहिली.

जपानमध्ये बंदुकीचे नियम जगातल्या सर्वांत कडक नियमांपैकी आहेत. तरीही तिथल्या डोंगरी गावांत डुक्कर आणि हरणांचा बंदोबस्त स्थानिक शिकारी संघ करतात, नगरपालिका त्यांना मोबदला देतात, आणि प्रत्येक बंदूक कुलपात राहते. ऑस्ट्रेलियात २८ एप्रिल १९९६ ला पोर्ट आर्थर इथे एका माणसाने ३५ जणांचे बळी घेतले. त्यानंतर सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका विकत घेऊन नष्ट केल्या आणि स्वसंरक्षण हे परवान्याचे कारण मानायचे नाही असे ठरवले. शेती हे मात्र खरे कारण म्हणून कायम ठेवले. दोन्ही देशांत एकच सूत्र दिसते. नियम कडक असणे आणि शेतकऱ्याला मदत होणे यांत विरोध नाही. कारण स्पष्ट असले की दोन्ही जमते.

आपल्या संसदेनेही हे करून दाखवले आहे. २०१९ च्या शस्त्र दुरुस्ती विधेयकात एका माणसाकडे एकच शस्त्र असावे, असे आधी म्हटले होते. त्यापूर्वी तीन ठेवता येत. चर्चेत आक्षेप आले आणि मर्यादा दोनवर आली. परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली, लग्नाच्या वरातीत हवेत गोळीबार करणे दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा ठरला, आणि बेकायदा शस्त्रनिर्मितीची शिक्षा जन्मठेपेपर्यंत नेली. परवानाधारकाला थोडी सोय आणि गैरवापरावर कडक बडगा, अशी ही देवाणघेवाण होती.

निवडणुकीत शस्त्रे जमा करण्याचा प्रश्नही असाच सुटला. पूर्वी आचारसंहिता लागली की सरसकट बंदुका ठाण्यात जमा होत. गोव्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जिल्हा छाननी समितीची पद्धत घालून दिली. आता प्रत्येक परवानाधारकाचा विचार वेगळा करायचा असतो. वऱ्हाडासाठी याला विशेष अर्थ आहे, कारण विधानसभेच्या गेल्या दोन निवडणुका ऑक्टोबर २०१९ आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये, म्हणजे ऐन जागलीच्या हंगामात झाल्या.

वऱ्हाडासाठी काय करता येईल

अमरावती आणि अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना, पोलीस अधीक्षकांना आणि उपवनसंरक्षकांना नवा कायदा न करता पुढच्या खरिपाआधी एक पद्धत बसवता येईल, असे मला मनापासून वाटते.

आधी कुंपण, मग भरपाई, आणि शेवटी बंदूक असा क्रम हवा. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणासाठी ७५ टक्के अनुदान आहे. जंगलाजवळच्या गावांपलीकडे ते पोहोचले पाहिजे. पीक विम्यात वन्यप्राण्यांच्या नुकसानीचा समावेश २०२६ च्या खरिपापासून करण्याचे केंद्राने जाहीर केले आहे. पंचनामा वेळेत झाला, तरच त्याला अर्थ राहील. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ नुकसान मोजण्याची सर्वमान्य पद्धत ठरवू शकते. तिच्यामुळे कास्तकाराचा आकडा आणि वनखात्याचा आकडा वेगळा निघणार नाही.

एवढे करूनही जिथे जनावर आवरत नाही, तिथे बंदूक एका माणसाची नसावी, गावच्या कामाची असावी. ग्रामसभेने ठराव करून दोन-तीन जणांची नावे सुचवावीत. त्यांत गुन्हा नोंद असलेला, व्यसनी किंवा राजकीय गटाचा म्होरक्या नसावा, आणि ठरावाला महिलांच्या ग्रामसभेची संमती असावी. निवडलेल्यांना प्रशिक्षण मिळावे. बंदूक हंगामापुरती त्यांच्या ताब्यात आणि एरवी ठाण्यात राहावी. काडतुसांचा हिशेब प्रत्येक बारानिशी लिहिला जावा. रात्री शेजारच्या वावरात पाण्यावर माणसे असतात, म्हणून गोळी कुठे, कोणत्या दिशेला आणि कोणाला कळवून चालवायची, याचे नियम लेखी असावेत. शस्त्र परवाना आणि वनखात्याची परवानगी एकाच खिडकीवर, पेरणीआधी मिळावी. नकार असेल तर तोही पेरणीआधी, लेखी कारणासह यावा.

गावे एवढी जबाबदारी पेलतील का, अशी शंका घेतली जाईल. परतवाड्याजवळच्या पायविहीरच्या ग्रामसभेने सामूहिक वनहक्क मिळवून उजाड जंगल राखले, वाढवले आणि त्यासाठी राष्ट्रीय पातळीवर गौरव मिळवला. ज्या ग्रामसभा जंगल सांभाळू शकतात, त्या दोन बंदुकांची वहीही सांभाळू शकतील.

बदल्यात गावाने एक शब्द द्यायला हवा: थेट विजेची तार लावणार नाही, गावठी बॉम्ब ठेवणार नाही, आणि कोणी ठेवला तर झाकणार नाही. हा शब्द मोडला की गावाची परवानगी रद्द व्हावी. वन्यजीव राखणाऱ्यांनी या पद्धतीच्या नोंदी तपासायला समितीत बसावे. बाहेरून विरोध करण्यापेक्षा आत बसून हिशेब मागणे जनावरांच्याही अधिक हिताचे आहे.

२०१६ च्या अखेरीस देशात ३३ लाखांहून अधिक शस्त्र परवाने होते. त्यांपैकी जवळपास १३ लाख एकट्या उत्तर प्रदेशात आणि सुमारे ८४ हजार महाराष्ट्रात. आपले राज्य बंदुकीच्या मोहात फारसे अडकलेले नाही. हे शहाणपण टिकवायचे, तर कास्तकाराला एकटे सोडून चालणार नाही, कारण एकटा पडलेला माणूसच तारेत वीज सोडतो. येत्या मे महिन्यात दोन्ही जिल्ह्यांतल्या काही गावांत ग्रामसभा, ठाणेदार आणि वनपाल एका बैठकीला बसले, तर पुढच्या दसऱ्यानंतरच्या जागलीत निदान माणसांचे मरण थांबवता येईल. दोन्ही बाजूंनी हे मागणे एका आवाजात करावे.